लाल कोपऱ्यातले आठ दिवस

मी ताट उलटं ठेवलं.

जेवणाचं नव्हे. जेवणाचं असतं तर वरण सांडलं असतं आणि बायकोच्या दोन शब्दांवर भागलं असतं. हे ताट प्लॅस्टिकचं होतं. आठ ओळी, ओळीत बारा भोकं, एकूण शहाण्णव. प्रत्येक भोकात करंगळीच्या पेराएवढी नळी आणि नळीत टोमॅटोच्या एकेका रोपाच्या पानाचा तुकडा. पहिल्या रोपाचं पान पहिल्या नळीत, दुसऱ्याचं दुसऱ्या. मी ते ताट मशीनशेजारी मांडताना अर्धा फेरा फिरवून मांडलं. म्हणजे पहिलं रोप झालं शहाण्णवावं, दुसरं झालं पंच्याण्णवावं, आणि असंच पुढे. मशीनने आपलं काम चोख केलं. मूर्खपणा पकडायची सोय त्याच्यात नव्हती.

ती सोय खाली पॉलिहाऊसमध्ये होती. तिचं नाव ओव्हाळकाका.

तळेगाव-चाकण रस्त्यावर एका बियाणे कंपनीचं संशोधन केंद्र आहे. एका बाजूला पत्र्याचे पार्ट ठोकणारा कारखाना, दुसऱ्या बाजूला कंटेनरचं पार्किंग, आणि मधे आम्ही टोमॅटोवाले. शेजारचा प्रेस दर चार सेकंदांनी ‘धप्’ करायचा आणि आमच्या टेबलावरचं पाणी थरथरायचं. वर प्रयोगशाळा, खाली पॉलिहाऊस. वर मी, नुकताच नोकरीला लागलेला, पीएचडी अर्धी टाकून आलेला. खाली काका. पिंपरीच्या एका गिअर कंपनीत तीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर होते. निवृत्तीनंतर घरात बसवेना, म्हणून वर्षाच्या करारावर आमच्याकडे रोपांच्या नोंदी ठेवायला आले होते. शेतीशी संबंध विचाराल तर मावळातल्या आजोळी लहानपणी भात लावला होता, तेवढाच.

माझी पीएचडी अर्धी आहे हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं आणि तेव्हापासून ते मला ‘डॉक्टर’ म्हणू लागले. इतक्या आदराने म्हणायचे की मला नीट लाजताही येईना.

काकांच्या शर्टाच्या खिशात पेन नसे. फ्लॅनेलच्या पिशवीत गुंडाळलेला व्हर्नियर असे. मिलिमीटरचा पन्नासावा भाग मोजणारं ते पोलादी हत्यार टोमॅटोच्या खोडाला लावलेलं पाहिलं तेव्हा मी इतका हसलो की मॅडम वरून खाली आल्या. मॅडम म्हणजे आमच्या केंद्राच्या प्रमुख. टोमॅटोच्या जनुकांवर त्यांनी अर्धं आयुष्य घातलेलं होतं.

“काका, हे काय?”

“खोड मोजतोय मॅडम.”

“अहो, अंदाजे लिहिलं तरी चालतं.”

काकांनी व्हर्नियर मिटला, पुसला, पिशवीत घातला. “मॅडम, अंदाज मला येत नाही. मोजता येतं.”

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी हसणं गिळलं. त्या दिवसापासून केंद्रातल्या सगळ्या नोंदी दशांशात आल्या.

त्यांचं आणि टोमॅटोचं पहिलं भांडण मात्र गंभीर होतं. आम्ही एका रानटी टोमॅटोचा संकर गावरान चवीच्या एका वाणाशी केला होता. रानटी म्हणजे बोराएवढं, पिकलं तरी हिरवंच राहणारं, तोंडात धरवत नाही असं फळ. पण पानं आकसून झाड खुरटवणारा जो रोग पांढरी माशी पसरवते, त्याला ते दाद देत नाही. ती ताकद आम्हाला चांगल्या टोमॅटोत आणायची होती. पहिल्या पिढीची झाडं सगळी एकसारखी आली. काका खूश. “बघा, प्रोसेस सेट झाली,” म्हणाले. मग त्या झाडांच्या बियांतून दुसरी पिढी उगवली आणि काकांचा चेहरा उतरला. एक रोप उंच, दुसरं बुटकं. एकाचं पान कातरलेलं, दुसऱ्याचं बटाट्यासारखं सपाट. एकाच्या खोडावर जांभळी झाक, शेजारचं हिरवंगार.

काका सकाळभर मोजत होते. साडेबाराला शेजारच्या कारखान्याचा भोंगा झाला, त्यांनी डबा उघडला नाही. वर आले.

“मॅडम, लॉट रिजेक्ट आहे.”

“का?”

“एक पार्ट दुसऱ्यासारखा नाही. एकाच आईबापाची पोरं आहेत, सगळी वेगळी. आमच्याकडे असं झालं असतं तर लाइन बंद केली असती.”

मॅडम त्यांना हाताला धरून खाली घेऊन गेल्या. मी मागून, मजा बघायला. मॅडमनी सांगितलं की पहिल्या पिढीत दोन्ही घराण्यांची जनुकं एकत्र बांधलेली असतात, दुसऱ्या पिढीत ती सुटतात, पत्ते पिसल्यासारखी नव्याने वाटली जातात. रानटी बापाची ताकद आणि गावरान आईची चव एकाच झाडात पडायची असेल तर ह्या वेगळेपणातूनच पडणार. सगळी सारखी आली असती तर आपण उपाशी मेलो असतो.

काकांनी एका रोपाचं पान उलटून बघितलं. मग डायरी काढून काहीतरी लिहिलं. परत जाताना मला म्हणाले, “तीस वर्षं फरक काढून टाकायची नोकरी केली, डॉक्टर. आता फरक जपायची करायची म्हणतात.” आणि पुढे, स्वतःशीच, “जमेल.”

जमलंच. इतकं जमलं की ते रोपांना तोंडावरून ओळखू लागले. एकतीस नंबरवर त्यांचा विशेष जीव होता. जाडजूड खोड, वर जांभळी झाक, पान हातात चुरडलं तर वास अर्धा तास जात नसे. त्याचं खोड ते रोज मोजत, गरज नसताना.

जीनोम म्हणजे काय हेही त्यांनी असंच समजून घेतलं. मॅडमनी सांगितलं, ही टोमॅटोची संपूर्ण संहिता, बारा गुणसूत्रांवर लिहिलेली. काका म्हणाले, “म्हणजे ड्रॉइंग.” मॅडम म्हणाल्या, “हो, ड्रॉइंगच.” आणि रोगाला दाद न देणारा गुण सहाव्या गुणसूत्रावर आहे, पानाचा तुकडा घेऊन मशीनमधून तो आहे की नाही हे फळ येण्याआधीच कळतं. काकांनी पडद्यावरची अक्षरं बघितली. ती संपतच नव्हती.

“कुठल्या रेषेने काय होतं, सगळं माहितीये का?”

“सगळं नाही अजून.”

“मग हे ड्रॉइंग चेक कुणी केलंय? अप्रूव्ह कुणी केलंय? सही दिसत नाही कुठं.”

मॅडमनी प्रश्न कागदावर उतरवून घेतला. मला वाटतं, इतका बरोबर प्रश्न त्यांना परीक्षकांनीही विचारला नसावा.

काका टोमॅटो खात नसत. डब्यातल्या कोशिंबिरीतलेसुद्धा बाजूला काढत. मी विचारलं तर म्हणाले, “इन्स्पेक्टरने माल खायचा नसतो.” नंतर काकूंकडून कळलं की त्यांना पित्ताचा त्रास होता.

आता ह्या लिहिण्याला ज्याचं नाव दिलंय तो कोपरा. गिअर कंपनीत तीन डबे असत. हिरव्यात पास झालेला माल, पिवळ्यात रीवर्कचा, म्हणजे ज्याच्यावर पुन्हा काम केलं तर जो सुधारेल असा, आणि लाल डब्यात रिजेक्ट. पण लाल डब्यातला माल लगेच भंगारात जात नसे. आठ दिवस तिथंच थांबायचा. कुणाला शंका असेल, मोजणाऱ्याचीच चूक असेल, तर परत तपासता यावा म्हणून. काकांनी हे जसंच्या तसं आमच्याकडे आणलं. नको ठरलेल्या रोपाला लाल सुतळी बांधायची, त्याची पिशवी उचलून पॉलिहाऊसमागच्या जाळीच्या कोपऱ्यात ठेवायची, पाणी घालायचं आणि आठ दिवस हात लावायचा नाही.

मला हा वेडेपणा वाटे. टाकायचंच आहे तर पाणी कशाला? मी कोपऱ्याला ‘काकांचा वृद्धाश्रम’ म्हणायचो. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, “टाकायला एक मिनिट लागतं डॉक्टर. परत आणायला किती लागतं ते सांगा.”

तर ताट. दुसऱ्या पिढीच्या शहाण्णव रोपांपैकी शेवटची दोन, पंच्याण्णव आणि शहाण्णव, आधीच मेली होती. काकांनी आणि कुरुळीच्या सुमनताईंनी मिळून चौऱ्याण्णव रोपांची पानं नळ्यांत भरली, शेवटच्या दोन नळ्या रिकाम्या ठेवल्या. सुमनताई म्हणजे केंद्रातला सगळ्यात हलका हात. फुलातले पुंकेसर चिमट्याने त्या असे काढत की फुलाला कळत नसे. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं. मी ते वर नेलं आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मशीनने तेवीस रोपं निरोगी ठरवली. मी यादी छापून रुबाबात खाली आणली. काकांनी वाचली. मग पेन्सिल एका आकड्यावर टेकवली.

“डॉक्टर, शहाण्णव नंबर तर मेलाय.”

“टायपिंगची चूक असेल.”

“मशीन टायपिंग करतं?”

“काका, मशीन पाच पैशाची चूक करत नाही.”

“आणि एक-दोन नंबरला निकालच नाही म्हणतंय. ती दोन्ही तर टुणटुणीत आहेत.”

“पान नीट चुरडलं गेलं नसेल. टाकून द्या.”

एका मेलेल्या झाडाला मी रोगप्रतिकारक ठरवलं होतं, आणि दोन जिवंत झाडांचं पान सापडत नव्हतं. एवढं असूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. काकांनी डायरीत नोंद केली, मेलेलं एक वगळून बावीस रोपं ठेवली आणि बहात्तर लाल कोपऱ्यात नेली. त्यात एकतीस नंबर होता. त्याला सुतळी त्यांनी सगळ्यात शेवटी बांधली.

सहाव्या दिवशी काका रजेवर होते, तळेगावात भाचीचं लग्न. दुसऱ्या दिवशी मुख्य कार्यालयातून पाहुणे येणार होते. मला तो कोपरा डोळ्यांत खुपला. शिवाय पांढरी माशी तिथं वाढेल, असं शास्त्रीय कारणही मी स्वतःला दिलं. मी सुमनताईंना म्हणालो, “हे सगळं खड्ड्यात टाका.”

“काकांनी आठ दिस सांगितल्यात. आज सावाच हाय.”

“मी सांगतोय ना.”

“तुमी सांगताय म्हनूनच इचारतेय.”

मी जरा आवाज चढवला. त्यांनी टाकलं. काका परत आले, रिकाम्या कोपऱ्यापाशी उभे राहिले. मी काहीतरी माशीबद्दल बोललो. त्यांनी एवढंच विचारलं, “किती दिवस झाले होते?”

“सहा.”

लिहून घेतलं.

जपलेल्या बावीस रोपांवर आम्ही मुद्दाम रोगाची माशी सोडली. महिन्याभरात सतरा झाडांची पानं द्रोणासारखी वळली, पिवळी पडली, शेंडे खुंटले. पाच तेवढी ताठ उभी होती, तीही योगायोगाने. मॅडमचं तीन वर्षांचं काम होतं.

“वर मशीन आहे,” त्या म्हणाल्या. “खाली दोरा आणि चिठ्ठी आहे. चूक कुठं होईल?”

त्यांनी काकांना पत्र दिलं. रोपांच्या चिठ्ठ्या आणि नळ्यांचे क्रमांक यांत झालेल्या गोंधळाचा लेखी खुलासा आठ दिवसांत द्यावा. काकांचा करार त्याच महिन्यात संपत होता. खुलासा पटला नाही तर नवा करार नाही, हे पत्रात नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं. काकांनी पत्र दोनदा वाचलं.

“तीस वर्षांत माझी एक चिठ्ठी चुकलेली नाही मॅडम.”

“मग दाखवा.”

“कशावर दाखवू? टाकलेली झाडं असती तर परत तपासली असती.” ते माझ्याकडे बघत नव्हते. सुमनताई बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी जुनी यादी काढून बसलो. शहाण्णव मेलेलं, निकाल हजर. एक जिवंत, निकाल गायब. कागद हातात होता. सहज फिरवला, वरची बाजू खाली. रिकाम्या दोन जागा शेवटी गेल्या, जिथं त्या असायला हव्या होत्या. शेजारच्या कारखान्यात ‘धप्’ झालं. ताट मीच फिरवून ठेवलं होतं.

शहाणा माणूस त्याच मिनिटाला मॅडमच्या दारात गेला असता. मी पाच दिवस गप्प बसलो. मला कायम करण्याचं पत्र त्याच महिन्यात यायचं होतं. घरी मी ‘शास्त्रज्ञ’ म्हणून सांगून ठेवलं होतं. मी स्वतःची समजूत घालत होतो की काका सांभाळून घेतील, मॅडम माया करतील, निसर्ग काहीतरी करेल.

आणि कमाल म्हणजे हे पाचही दिवस मी काकांच्या स्कूटरवर मागे बसून कामाला जात होतो. दोघंही पिंपळे गुरवला राहणारे, त्यामुळे माझं जाणं-येणं त्यांच्याच मागे. चाकणच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अडकलो की काका आरशात बघून गप्पा मारत. भाचीच्या लग्नातलं जेवण, गुडघा, कुठल्या गाडीचा गिअर ऐकून खराब वाटतो. खुलाशाचा विषय नाही. मी त्यांच्या पाठीकडे बघत ‘हो’ ‘हो’ म्हणत असे. एका सकाळी ते म्हणाले, “आज फार गप्प आहात डॉक्टर. तब्येत?” मी म्हणालो, पित्त.

त्या दिवसांत ते दुपारी जेवून शेजारच्या कारखान्यात जात. तिथला फोरमन त्यांचा जुना शागीर्द होता. परत येताना हाताला अॅल्युमिनियमचा चुरा असे. सातव्या दिवशी ते वर आले, माझ्या टेबलावर एक पाट ठेवला. चकचकीत, कडा कानसीने गोल केलेल्या, एका कोपऱ्यात पोलादी पिन उभी. शेजारी एक ताट, ज्याच्या एकाच कोपऱ्याला छिद्र पाडलेलं.

“बसवा बघू.”

मी बसवलं. पिन छिद्रात गेली, ताट टिचकी वाजवून बसलं.

“आता फिरवून बसवा.”

फिरवलं. बसेना. पिनवर अडकून ताट वाकडं राहिलं. मी जोर केला तरी बसेना.

“उलटं बसणारच नाही,” काका म्हणाले. “माणसाला शिव्या देऊन काय होतं? पिन लावायची.” आणि जिना उतरून गेले.

मी ताट सरळ करून पिनवर बसवलं. मग मॅडमच्या खोलीत गेलो आणि सगळं सांगितलं. ताट, यादी, कोपरा, पाच दिवस. मॅडमनी चष्मा काढला. “ताट फिरलं ते मी समजू शकते,” त्या म्हणाल्या. “कोपरा का रिकामा केलात?” मला कायम करायची मुदत सहा महिन्यांनी पुढे गेली. मॅडम स्वतः खाली गेल्या, पत्र परत मागितलं आणि सुमनताईंसमोर काकांची माफी मागितली. काका म्हणाले, “पाटाला फोरमनने मदत केली, त्याला थँक्यू म्हणा.”

प्रयोग परत उभा राहिला, कारण काकांनी कारखान्याच्या सवयीने प्रत्येक लॉटमधलं मूठभर बी राखून ठेवलेलं होतं. पुन्हा पेरलं, पुन्हा पानं घेतली, पाटावर ताट बसवलं. ह्या वेळी निरोगी निघाली ती खरोखर निरोगी होती. पण एकतीस नंबर परत आला नाही. बी त्याच पिशवीतलं असलं तरी पत्ते पुन्हा पिसले गेले होते. नव्या एकतीस नंबरला काकांनी एकदाच व्हर्नियर लावला, आकडा बघितला आणि पुढे गेले. त्या सकाळी मला पहिल्यांदा कळलं की मी काय टाकलं होतं.

काका त्यानंतर दोन वर्षं होते. मग मोतीबिंदू झाला, ऑपरेशननंतरही व्हर्नियरच्या रेघा दिसेनात. “मोजता येत नाही तर थांबायचं कशाला,” म्हणाले. जाताना व्हर्नियर सुमनताईंच्या हातात दिला. त्या आता तो माझ्यावर उगारतात.

मागच्या वर्षी त्यांच्याकडे गेलो होतो. ती शेवटची भेट ठरली. दुसऱ्या मजल्यावरची गॅलरी, कुंडीत टोमॅटोचं एक झाड, काका खुर्चीत. खोडाभोवती अंगठा आणि बोट धरून जाडी बघत होते. काकूंनी चहा आणला. मी इतकी वर्षं गिळलेला प्रश्न विचारला.

“काका, तुम्हाला कधी कळलं होतं?”

“काय?”

“ताट.”

“पत्र मिळालं त्याच दिवशी. डायरीत होतंच की. शहाण्णव मेलाय, एक हरवलाय. कागद फिरवला.”

“माझ्या आधी? मग बोलला का नाहीत? करार गेला असता.”

काकांनी बोटं खोडावरून काढली, वास घेतला.

“खुलासा लिहून तयार होता. आठव्या दिवशी देणार होतो. झाडांना तुम्ही सहा दिवस दिले, मी तुम्हाला आठ दिले. लाल कोपऱ्यात ठेवलं होतं.”

मी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं, हीच वेळ आहे, आता काहीतरी चांगलं ऐकायला मिळणार.

“म्हणजे सातव्या दिवशी मी पास झालो.”

“पास कुठले?” काका म्हणाले. “रीवर्क. अजून चालूच आहे.”